मुंबईची दाटी आणि मराठी लेखक

मुंबईवर मराठींत लिहिणारांची उणीव कधींच नव्हती. १८६३ सालीं गोविंद नारायण माडगांवकर यांनीं ‘मुंबईचें वर्णन’ प्रसिद्ध केलें, १८८९ सालीं आचार्य व शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ निघाला, आणि तेव्हांपासून आजपर्यंत या शहरानें मराठी लेखकास कधीं पोसलें, कधीं छळलें, पण लिहावयास विषय नाहीं अशी तक्रार करूं दिली नाहीं. चाळ, गिरणी, लोकल गाडी, फूटपाथ आणि झोपडपट्टी हीं आमच्या कथा-कादंबऱ्यांतून इतकीं वावरलीं आहेत कीं, ज्यानें मुंबई डोळ्यांनीं पाहिली नाहीं अशा वाचकासहि तिची दाटी अंगावर आल्यासारखी वाटते. प्रश्न एवढाच कीं, ही दाटी झाली कशी, हें त्याला आमच्या वाङ्मयावरून कळतें काय? आमचें उत्तर पुष्कळ अंशीं नकारार्थी आहे. आणि तें तसें कां, हें येथें पाहावयाचें आहे.

आरंभ एका शब्दापासून करूं. परगांवाहून मुंबईस येणाऱ्या माणसांविषयीं लिहितांना मराठी लेखणी सहजच ‘लोंढे’ हा शब्द उचलते. वर्तमानपत्रांत तो आहे, सभांतील भाषणांत आहे, आणि ज्यांची सहानुभूति निःसंशय गरिबांच्या बाजूची आहे अशा लेखकांच्या तोंडींहि आहे. मूळ शब्द पाण्याचा. पावसाळ्यांत नदीला एकाएकीं पाणी येऊन जो लोट उतरतो तो लोंढा. त्याला नांव नसतें, चेहरा नसतो, मागें टाकलेलें घर नसतें. तूं कां आलास असें त्याला कोणी विचारीत नाहीं, त्याला फक्त बांध घालावयाचा असतो. हा शब्द माणसांस लावला म्हणजे निम्मा विचार आपोआप होऊन जातो, आणि उरलेला निम्मा करण्याची गरज कोणास वाटत नाहीं. मौज अशी कीं, आपल्या स्वतःच्या आज्यास कोणी लोंढा म्हणत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे आजे-पणजे रत्नागिरी-मालवणाकडून बोटीनें किंवा घाटावरून आगगाडीनें या शहरांत उतरले असतील, कोणा गांववाल्याच्या खोलींत वळकटी टाकून राहिले असतील, खाणावळींत जेवले असतील. त्यांच्याविषयीं आपण म्हणतों कीं, ते नशीब काढावयास आले. नशीब काढणारे आणि लोंढे यांत फरक कोणता म्हणाल, तर एक आधीं आले आणि दुसरे मागाहून.

दुसरी समजूत अशी कीं, मुंबईची वस्ती म्हणजे आपल्या आंतल्या जोरानें सदा फुगत जाणारी वस्तु. शिरगणतीचे आंकडे तसें सांगत नाहींत. १८६४ सालीं मुंबईंत ८,१६,५६२ माणसें मोजलीं गेलीं. १८७२ सालीं तीं ६,४४,४०५ भरलीं. मधल्या काळांत अमेरिकेंतील युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला, रातोरात निघालेल्या कंपन्या रातोरात बुडाल्या, आणि पोटासाठीं आलेलीं माणसें पोटासाठींच परत गेलीं. पुढें १८९१ सालीं वस्ती ८,२१,७६४ होती, ती १९०१ सालीं ७,७६,००६ वर उतरली. तो प्लेगचा प्रताप. उलट आजच्या बृहन्मुंबईच्या हद्दींत १९४१ सालीं सुमारें १८ लाख माणसें होतीं, तीं दहा वर्षांत ३० लाखांच्या घरांत गेलीं. त्यांत युद्धकाळच्या धंद्याचा वांटा होता आणि फाळणीनें घरादारास मुकलेल्यांचाहि. म्हणजे या शहराची दाटी कोणी तरी बोलाविलेली किंवा कोणी तरी ढकललेली असते. माडगांवकरांचें पुस्तक कापसाच्या तेजीच्या ऐन भरांत निघालें. त्यांत रस्ते, तळीं, बाजार, देवळें, शाळा, जातीजमाती आणि धंदे यांची नोंद एका जिज्ञासु शिक्षकाच्या चिकाटीनें केलेली आहे. इंग्रजी राज्याचें कौतुक तींत जरा जास्तच झालें आहे हें खरें. परंतु शहर हें कोणी तरी केलेलें असतें, आपोआप झालेलें नसतें, ही जाणीव त्या वर्णनांत आहे. पुढच्या ललित लेखकांत ती पुष्कळशी हरवली.

आतां चाळीकडे येऊं. प्लेगनंतर १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यानें गलिच्छ वस्त्या पाडल्या, हवेसाठीं रस्ते रुंद केले. पण जितकीं बिऱ्हाडें उठविलीं तितक्यांची सोय पहिल्या वर्षांत लावली नाहीं, आणि उठलेलीं माणसें शेजारच्या गल्लींतली दाटी वाढवून बसलीं. १९११ सालीं मुंबईचे दोन-तृतीयांशांहून अधिक लोक एकाच खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होते. १९२० नंतरच्या दशकांत सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, शिवडी आणि डिलाईल रोड येथें २०७ चाळी उभारल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. या मापांत दोन-तीन पिढ्यांचे जन्म, लग्नें, आजारपणें आणि मृत्यु झाले.

या जीवनावरचें सर्वांत लोकप्रिय मराठी पुस्तक म्हणजे पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ (१९५८). तिची थोरवी सांगण्यास आमची गरज नाहीं. ज्या घरीं हें मासिक जातें त्या घरीं बहुधा तेंहि पुस्तक असेल. पण तें पुस्तक आम्हांस जें सांगतें तें आम्हीं नीट ऐकलें नाहीं, असें आमचें मत आहे. त्यांतील गच्चीचें प्रकरण घ्या. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाची घोषणा फिरवून चाळकरी ‘गच्चीसह’ मागणी करतात, आणि वाचक हंसून लोटपोट होतो. हास्य कशाचें आहे? केवढ्या मोठ्या घोषणेखालीं केवढीशी मागणी, याचें. परंतु ही मागणी खरोखर केवढीशी आहे काय? ज्याच्या बिऱ्हाडांत अंथरुणें पसरल्यावर पाऊल ठेवावयास जागा उरत नाहीं, ज्याची सून, म्हातारी आई आणि परीक्षेस बसलेला मुलगा एकाच दिव्याखालीं असतात, त्याला उघड्या आकाशाखालचा एक तुकडा म्हणजे लहान गोष्ट नव्हे. विनोदकारानें चाळीच्या मर्मावर बोट ठेवलें होतें. आम्ही बोट पाहून हंसलों. शेवटच्या चिंतनांत लेखक हास्य बाजूस ठेवतो व त्याचा सूर निरोपाचा होतो. पुढच्या पिढीनें तो निरोपाचा सूर तेवढा उचलला. चाळीवरच्या आठवणींचें जें अमाप पीक नंतर आलें, त्यांत गणपति आहे, दिवाळीचा फराळ आहे, शेजाऱ्याच्या घरची वाटीभर आमटी आहे. सकाळीं संडासापुढें बालदी घेऊन उभी राहिलेली रांग मात्र गंमत म्हणून येते. त्या रांगेंत बायकांची काय अवस्था होई, हें लिहिणारे थोडे.

चाळींत स्नेह होता हें आम्ही नाकारीत नाहीं. पण तो टिकण्यास एक भक्कम आधार होता, त्याचा उल्लेख आठवणींत नसतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें खोलीचें भाडें सप्टेंबर १९४० च्या दरावर गोठविलें, आणि भाडेकरूस सहज उठवितां येऊं नये अशी तजवीज केली. युद्धोत्तर महागाईंत तो कायदा आवश्यकच होता. परंतु त्याचा परिणाम दुहेरी झाला. जो आंत होता तो निर्धास्त झाला, आणि निर्धास्त माणसालाच शेजारधर्म परवडतो. जो बाहेर होता त्याला भाड्याची खोली मिळणें दुरापास्त झालें. घरमालकांनीं दुरुस्ती सोडली, नव्या भाड्याच्या चाळी बांधणें सोडलें, आणि जुन्या खोल्या पागडीवर फिरूं लागल्या. पागडी देण्याची ऐपत असेल त्याला खोली, नसेल त्याला खाडी. गिरणींत वा गोदींत एकाच पाळीला जाणाऱ्या दोन माणसांपैकीं एक १९३८ सालीं आला म्हणून चाळकरी झाला, दुसरा १९५८ सालीं आला म्हणून झोपडपट्टीवाला झाला. त्यांच्यांतलें अंतर तारखेचें आहे. आमच्या वाङ्मयानें तें संस्कृतीचें मानलें. पुढें कायद्यानेंहि तारखेलाच देव केलें: १९७६ च्या गणतींत सांपडला त्याला फोटोपास, मग १ जानेवारी १९९५ पूर्वींचा तो संरक्षित, मग १ जानेवारी २००० पूर्वींचा. एकाच गल्लींत एका भिंतीपलीकडचा नागरिक आणि अलीकडचा घुसखोर, असा हा प्रकार.

झोपडपट्टीवरच्या कादंबऱ्या साठीनंतर येऊं लागल्या. जयवंत दळवी यांची ‘चक्र’ (१९६३) त्यांत अग्रभागीं. दळवींची नजर धीट आहे, त्यांना खोटी दया येत नाहीं, आणि अम्मा व बेन्वा हीं माणसें वाचकास विसरतां येत नाहींत. पण या कादंबरीचें जें कौतुक झालें, व जी निंदा झाली, तीं दोन्हीं एकाच जागीं थबकलीं: तींतील भूक आणि वासना. १९८१ सालीं तीवरून चित्रपट निघाला. त्यांत अम्माचा नवरा झोपडीसाठीं पत्रे चोरतांना पोलिसांच्या गोळीस बळी पडतो. आमच्या मतें सगळी कथा त्या पत्र्यांत आहे. डोक्यावर चार पत्रे घालण्याची इच्छा ज्या शहरांत गुन्हा होते त्या शहराची ती कथा आहे. टीकाकारांनीं मात्र नीति-अनीतीचा काथ्याकूट केला. मर्ढेकरांच्या प्रतिभेला गर्दींत मुंग्या आणि ओले उंदीर दिसले. ती प्रतिमा अस्सल होती, कारण तींत कवीनें स्वतःसहि धरलें होतें. अनुकरण करणारांनीं स्वतःला वगळलें आणि उंदीर तेवढे ठेवले.

याला अपवाद नाहींत असें नव्हे, आणि ते ठळक आहेत. अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरांत राहत होते व तेथूनच लिहीत होते. त्यांच्या मुंबईच्या लावणींत श्रीमंतांची टेकडी आणि गरिबांची गल्ली एकाच शहराच्या दोन बाजू म्हणून येतात. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’स (१९७२) विजय तेंडुलकरांनीं प्रस्तावना लिहिली, एका मराठी पुस्तकाचा मराठी वाचकास परिचय करून द्यावा लागावा, यावरूनच आमचें शहर किती ठिकाणीं तुटलें होतें तें दिसतें. पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें पुस्तक आम्ही दया पवार यांचें ‘बलुतं’ (१९७८) समजतों. त्यांतील कावाखाना मुंबईच्या मध्यावर आहे. तेथल्या बायका रस्त्यावरच्या चिंध्या, कागद, कांचा वेंचून घर चालवितात. शहराची घाण इतरांच्या पुस्तकांत नाकाला रुमाल लावण्यापुरती येते. येथें ती कोणाचें तरी काम म्हणून येते. घाण कोण करतें आणि उचलतें कोण, हा हिशेब या एका पुस्तकानें जितका स्वच्छ मांडला तितका आरोग्यखात्याच्या अहवालांनींहि क्वचितच मांडला असेल. देवनारची कचराभूमि १९२७ पासून चालू आहे. २०१६ च्या जानेवारींत ती पेटली आणि दिवसचे दिवस शहरावर धूर राहिला, तेव्हां ज्यांनीं आयुष्यांत देवनार पाहिलें नव्हतें त्यांनींहि खिडक्या लावून घेतल्या. त्या डोंगरावर वेंचणारीं माणसें आणि ‘बलुतं’मधील बायका एकाच कुळींतल्या आहेत.

आणि पाणी? या बाबतींत आमचें वाङ्मय जवळजवळ मुकें आहे. नळावरचें भांडण हा आमच्या कथाकारांचा आवडता देखावा; पण नळाच्या मागें कोणी गेलें नाहीं. १८६० सालीं विहारचें पाणी आलें, १८७९ सालीं तुळशीचें, १८९२ सालीं तानशाचें. मग वैतरणा: १९५७ सालीं मोडकसागर, पुढें अप्पर वैतरणा; मग भातसा; २०१४ सालीं मध्य वैतरणा. शहराची तहान वाढली तसतसा तिचा हात लांब गेला, आणि आतां तो सुमारें शंभर किलोमीटरांवर पोंचला आहे. दिवसास साडेतीन हजार दशलक्ष लिटरांहून अधिक पाणी या मार्गानें येतें. ज्या शहापूर तालुक्यांत तानसा व भातसा आहेत तेथल्या पाड्यांवर उन्हाळा लागला कीं टँकर फिरतात, आणि बायका हंडे घेऊन त्यांची वाट पाहतात. डोंगरांत पडणारा पाऊस शेजारच्या पाड्याला न मिळतां शंभर किलोमीटरांवरच्या बारा मजल्यांवर चढतो, यांत कादंबरीस लागणारें सर्व कांहीं आहे. मुंबईजवळ आल्यावर याच मोठ्या नळांच्या कडेला हजारों झोपड्या उभ्या राहिल्या. पाणी भिंतीपलीकडून धो धो वाहत असे आणि आंतलीं माणसें तें विकत घेत. २०१४ सालीं मुंबई उच्च न्यायालयाला सांगावें लागलें कीं, पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे व वस्ती बेकायदा म्हणून तें नाकारतां येणार नाहीं. पुढें तानशाच्या नळालगतच्या झोपड्या उठवून माणसें माहुलला, तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांजवळ, नेण्यांत आलीं. तेथल्या हवेंत राहणें अशक्य आहे म्हणून त्यांनीं दाद मागितली, आणि २०१९ सालीं न्यायालयानें त्यांना दुसरें घर नाहीं तर भाडें द्यावें असें फर्मावलें. नळाची गोष्ट सुरू झाली डोंगरांत, आणि येऊन थांबली धुरांत.

मधु मंगेश कर्णिक यांनीं १९६९ सालीं आपल्या कादंबरीस ‘माहीमची खाडी’ हें नांव दिलें. खाडीकांठच्या झोपड्यांची ती कादंबरी. पण नांव माणसाचें न देतां पाण्याचें दिलें, ही सूक्ष्म जाणीव आम्हांस मोलाची वाटते. ही खाडी म्हणजे मिठी नदीचें मुख. मिठीस नदी म्हणणें मुंबईकर विसरूनच गेला होता. त्याच्या लेखीं तो एक नाला. तिच्या कांठची पाणथळ जमीन भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभें राहिलें, विमानतळाची धांवपट्टी तिच्या पात्रावरून गेली, तिवरें तोडून भराव पडले, आणि ज्यांना दुसरीकडे जागा नव्हती त्यांच्या झोपड्याहि तिच्या कांठावर आल्या. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच वेळीं भरती आली. शहरांत शेंकडों माणसें मेलीं. त्या रात्रीं ‘लोंढा’ हा शब्द आपल्या मूळ अर्थीं मुंबईंत आला. दुसऱ्या आठवड्यांत वर्तमानपत्रें मात्र दुसऱ्या अर्थाच्या लोंढ्यांस दोष देऊं लागलीं: नदीच्या कांठीं झोपड्या नसत्या तर! संकुलाचे मनोरे आणि धांवपट्टी यांविषयींचे प्रश्न तितक्या आवेशानें विचारले गेले नाहींत. भाषेची संवय किती खोल जाते पाहा.

येथें कोणी म्हणेल कीं, लेखकाकडून धरणें आणि भाडेकायदे यांची अपेक्षा करणें म्हणजे कादंबरीस पंचवार्षिक योजना करून टाकणें होय. कला कोणासाठीं, हें फडके-खांडेकरांच्या काळचें दळण पुन्हा दळण्याची आमची इच्छा नाहीं. आंकडे कादंबरींत घाला असें आम्ही म्हणत नाहीं. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकांत (१९९७) एकहि आंकडा नाटकाला जड होत नाहीं. एक खोली आहे, १९८२ च्या संपानें मोडलेलें गिरणी कामगाराचें कुटुंब आहे, आणि तरी प्रेक्षक उठतांना ओळखून असतो कीं, माणसें घालवून उरलेली जमीन आतां कोणाच्या डोळ्यांवर आहे. चार वर्षांनीं, २००१ सालीं, गिरण्यांच्या जमिनींचा नियम बदलला, आणि मोकळ्या जागेसाठीं व सामान्यांच्या घरांसाठीं सुटणारा वांटा आक्रसला. एवढें नाटकाला आधीं उमगलें होतें.

हें लिहीत असतां आम्हांस दुसरी एक गोष्ट खटकते. २००१ पासून २०११ पर्यंत मूळ मुंबई शहराची वस्ती ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर आली. इमारती याच दशकांत उंच झाल्या, गाड्या वाढल्या, आणि माणसें कमी झालीं. गिरगांव-परळचीं कुटुंबें उत्तरेस व पूर्वेस सरकत गेलीं. २०११ सालीं वसई-विरार आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांत प्रत्येकीं बारा लाखांहून अधिक माणसें होतीं. दाटीचा मुक्काम तेथें हलला आहे, आणि त्याबरोबर पाण्याचा, कचऱ्याचा आणि भरावाचा प्रश्नहि. मराठी लेखक मात्र राहतो डोंबिवलीस आणि लिहितो गिरगांवावर. त्याच्या कथेंतला नायक अजून चाळीच्या कठड्यास टेकून उभा आहे. नालासोपाऱ्याच्या भात-खाचरांवर उठलेल्या पांच मजली घरांत टँकरची वाट पाहणारी बाई, जी सकाळच्या गाडीच्या दाराशीं लोंबकळत रोज मुंबईस जाते व जिची सासू अजून ‘आमच्या चाळींत’ म्हणून बोलते, ती आमच्या कथेंत अजून यावयाची आहे. ती लिहील तेव्हां कदाचित् स्वतःच लिहील. आणि तिची भाषा आमच्या पानांच्या वळणाची असेलच असें नाहीं. तिच्या हस्तलिखितास जागा ठेवण्यास आम्ही तयार आहों.